निकाहच्या जोड्याचा रंग: आधी ओढणी, मग बाकीचं

माझ्या दुकानात मुली निकाहचा जोडा, म्हणजे नवरीचा पोशाख, ठरवायला येतात त्या मोबाइलमधले फोटो घेऊनच. फोटोतली नवरी उभी असते, घेर पसरलेला, ओढणी एका खांद्यावर, केस मोकळे. इथे ठाण्याच्या राबोडीत किंवा पलीकडे मुंब्र्याच्या कौशात निकाह होतो तेव्हा नवरी बसलेली असते, डोक्यावर ओढणी, आणि भेटायला येणाऱ्या बायका बघतात ते कपाळापासून कमरेपर्यंत. घेर कोचाच्या कडेला दिसला तर दिसला. म्हणून रंग ओढणीपासून ठरव, घागऱ्यापासून नाही. हिजाब लावणार असशील तर त्याहून आधी हिजाबचा रंग ठरव, कारण चेहऱ्याला लागून तोच असतो. दिवसभर तोंडाशी राहणारा रंग चुकला, तर खाली कितीही भारी जरदोजी असली तरी उपयोग नाही.

लालच घ्यावा लागतो का, हे प्रत्येक मुलगी विचारते. नाही लागत. लाल हा आपल्या मुलखाचा रिवाज आहे, दीनची, म्हणजे धर्माची, अट नाही. अंग झाकलेलं असावं, कापड आरपार नसावं, उधळपट्टी नसावी, एवढं बघायचं. कुराणातल्या सूरह कहफमध्ये जन्नतवाल्यांच्या हिरव्या रेशमी पोशाखाचा उल्लेख आहे, पांढरा कपडा चांगला म्हणणारी हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, आहे. तरी घरात एखादी दादी ‘पांढरा? कफन आहे का?’ म्हणतेच, आणि काळ्याचं नाव काढलं की सगळेच गप्प होतात. तिथे धर्माचे मसले सांगत बसू नकोस. ऑफ-व्हाइट जोडा आणि वर लाल ओढणी घे, दादीही खूश आणि तूही. दिसतंही फार सुंदर. मला विचारशील तर पूर्ण लालपेक्षा सुंदर.

दुसरं, पैसे कोण देतंय? बऱ्याच घरांत निकाहचा जोडा नवऱ्याकडून येतो, हळद-मेंदीचे कपडे माहेरचे. सासू जोडा आणणार असेल तर तिला ‘तुम्ही सांगाल तो’ असं म्हणू नकोस. मग खरंच तिला आवडलेला राणी रंग येतो. दोन रंग सांग, दोन्ही तुला मनापासून चालणारे, आणि त्यातून निवड तिच्यावर सोड.

आता रंग बघायचा कसा. दुकानातल्या दिव्याखाली कधीच ठरवू नये. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मंगलदासमध्ये जा नाहीतर मुंब्र्याच्या बाजारात, आत दिव्यांचाच उजेड. कापड उचलून बाहेर दिवसाच्या उजेडात आण. दुकानदार चेहरा वाकडा करेल, करू दे. नाहीतर कटिंग, म्हणजे कापडाचा छोटा तुकडा, माग. ते कटिंग हातावर ठेवून बघण्यात अर्थ नाही, हनुवटीखाली धर. कौशाच्या एका मुलीला पुदिन्याचा फिका हिरवा हवा होता. दुकानाच्या पायरीवर तिला उभं केलं, एका कानापाशी तो हिरवा धरला आणि दुसऱ्या कानापाशी गडद जांभळट लाल. हिरव्याच्या बाजूला डोळ्यांखालचं काळं उठून दिसलं, लालच्या बाजूला दिसेना. मी काहीच बोलले नाही, आरसा दिला. हिरवा वलीम्याला, म्हणजे निकाहनंतरच्या नवऱ्याकडच्या दावतीला, गेला.

मग तेच कटिंग रात्री पिवळ्या बल्बखाली बघ, कारण बऱ्याच हॉलमधले दिवे तसेच असतात. पिवळ्या उजेडात मरून तपकिरीकडे झुकतो, बॉटल ग्रीन आणि नेव्ही ब्लू जवळजवळ काळे वाटतात. उलट पीच, मिंट असले फिके रंग झगझगीत पांढऱ्या लाइटमध्ये उडून जातात.

कापड आणि डाय याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण भांडणं इथेच होतात. कुर्ता रॉ सिल्कचा, ओढणी नेटची, आणि दोन्ही ‘सेम टू सेम’ हवं असं मुली म्हणतात. रॉ सिल्क रेशीम आहे, नेट असते नायलॉन नाहीतर पॉलिएस्टर. एकच डाय दोघांवर सारखा चढत नाही. पॉलिएस्टरचा डायच वेगळा, त्याला उष्णताही जास्त लागते. डायवाला कितीही चांगला असला तरी उन्हात फरक दिसतो, आणि थोडासा फरक असला की तो चुकल्यासारखा वाटतो. त्यापेक्षा ओढणी मुद्दाम दोन शेड गडद घे, किंवा सरळ कॉन्ट्रास्ट. डायवाल्याकडे नमुना बघायला गेलीस तर ओल्या कापडावर होकार देऊ नकोस, ओला रंग नेहमी गडद दिसतो. वाळेपर्यंत तिथेच थांब, चहा पी.

जरीकाम बघताना घरातले दागिने सोबत आण. अम्मीचं सोनं पिवळंधमक असेल आणि जोड्यावर रुपेरी काम असेल, तर दोन्ही एकमेकांना मारतात. पिवळ्या सोन्याला लाल, मरून, बॉटल ग्रीनवरची सोनेरी किंवा अँटिक जरी जाते. राखाडी, निळसर जोडा घ्यायचा असेल तर दागिने रुपेरी किंवा मोत्यांचे लागतील, तो खर्च आधी धर. हैदराबादी पद्धतीचा काळ्या पोतीचा लच्छा घालणार असशील तर गळ्याभोवतीचं काम हलकं ठेव, दाट कामावर काळे मणी दिसतच नाहीत.

बाह्या नेटच्या असतील तर आत अस्तर जोड्याच्याच रंगाचं लाव. स्किन कलरचं अस्तर दुकानदार हटकून सुचवतो, पण फोटोत हात उघडेच दिसतात आणि मग घरात कुणीतरी बोलतं. एवढ्यासाठी कुणाचं ऐकून घेऊ नकोस.

हवामानही बघ. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. सध्या ईदनंतरचे निकाह आपल्याकडे उन्हाळ्यात पडतात. ठाण्याचा दमट उन्हाळा तुला माहीतच आहे. पीच, मिंट असल्या फिक्या रंगाच्या रॉ सिल्कवर काखेतला घाम लगेच दिसतो, मरून किंवा ऑफ-व्हाइटवर कमी. वेल्वेटचं नावच काढू नकोस. पावसात निकाह असेल तर गाडीतून उतरून हॉलच्या दारापर्यंतचा चिखल लक्षात घे आणि खालच्या काठाला गडद पट्टी लावून घे.

हळदीला पिवळाच का, तर डाग दिसत नाही म्हणून. आणि तो कपडा साबणात टाकलास की हळद लाल होते, घाबरू नकोस, हळदीचा स्वभावच तो. जुना कॉटनचा सूट पुरे. मेंदीला गडद हिरवा, ओली मेंदी लागली तरी कळत नाही. या दोन दिवसांवर पैसे घालवू नयेत असं माझं मत, पण हल्ली ऐकतं कोण.

वलीम्याचा रंग निकाहच्या जोड्यापासून लांबचा घे. निकाहला गडद असेल तर वलीम्याला फिका, उलटही चालेल. दोन्हीकडे मरून असला की अल्बममध्ये दोन दिवस ओळखू येत नाहीत.

सगळं ठरलं की शिंप्याकडून उरलेल्या कापडाचे तुकडे मागून घे. एक बांगडीवाल्याला दाखवायला, एक नवऱ्याकडे पाठव, त्याचा साफा नाहीतर शेरवानीवरची शाल त्यावरून जमवतील. आणि एक स्टेजवाल्याला नक्की दे. फोनवर नुसतं मरून सांगितलंस तर तो मागचा पडदाही मरून लावेल आणि तू त्यात बुडून जाशील. तुकडा दाखवून सांग, हा रंग सोडून दुसरा कुठलाही लाव.