अपाची जेम्स मेल सर्व्हरमध्ये पहिलं योगदान: सुरुवात चाचणीपासून करा

अपाची जेम्स हा जावात लिहिलेला मुक्तस्रोत मेल सर्व्हर. पत्र पाठवायचा एसएमटीपी आणि पत्रपेटी वाचायचे आयमॅप, पॉप-३, जेमॅप असे सगळे प्रोटोकॉल त्यात आहेत आणि कोड गिटहबवर ‘जेम्स-प्रोजेक्ट’ या रेपोत (कोडच्या भांडारात) आहे. नवा माणूस बहुतेक वेळा एखादं मोठं फीचर डोक्यात घेऊन उतरतो आणि कोडचा पसारा बघून थोड्याच दिवसांत मागे फिरतो. आमचा सल्ला असा की पहिलं योगदान चाचणीचं असू द्या. अमुक परिस्थितीत सर्व्हर कसा वागतो हे पक्कं करणारी एक छोटी टेस्ट लिहायची. ती लिहिता लिहिता बिल्ड, प्रोटोकॉल आणि कोडची रचना या तिन्हींशी ओळख होते. त्यात मराठी लिहिणाऱ्याकडे अशा चाचण्यांसाठी उत्तम कच्चा माल असतो. तो कसा वापरायचा ते पुढे येईलच.

बिल्ड

बिल्ड म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बांधणं. त्यासाठी गिट (कोडचा इतिहास), मेव्हन (बांधणी), डॉकर (कंटेनर) आणि जेडीके (जावाचा संच) एवढं लागतं. मास्टर शाखेला सध्या जावा २१ लागतं, तरी रेपोतल्या रीडमीत आवृत्ती बघूनच जेडीके टाका. रॅम १६ जीबी असली तर बरं. ८ जीबीवर मेमरी-अ‍ॅपचं (सगळं फक्त मेमरीत ठेवणाऱ्या जेम्सचं) काम निभावतं, पण कॅसँड्रा (डेटाबेस), ओपनसर्च (शोध) आणि रॅबिट-एमक्यू (निरोपांची रांग) यांचे कंटेनर एकदम उठवणाऱ्या टेस्ट मशीनला झोपवतात.

विंडोजवर असाल तर क्लोन करण्याआधी गिटची ‘ऑटो-सीआरएलएफ’ सेटिंग बंद करा, किंवा सरळ डब्ल्यूएसएलमध्ये, म्हणजे विंडोजमधल्या लिनक्समध्ये, काम करा. टेस्टसाठी ठेवलेल्या मेलच्या फायलींमध्ये ओळ कुठे संपते यालाच अर्थ असतो. गिटने परस्पर ते बदललं की ज्या टेस्टना तुम्ही हातही लावलेला नाही त्या पडू लागतात.

पहिलं बिल्ड टेस्ट न चालवता करा: मेव्हनला ‘क्लीन इन्स्टॉल’ सांगा आणि ‘स्किप-टेस्ट्स’ हा पर्याय द्या. इथे एक नेहमीची गफलत होते. ‘मेव्हन डॉट टेस्ट डॉट स्किप’ नावाचा वेगळा पर्याय आहे, तो टेस्टचा कोड कंपाइलच करत नाही. जेम्समधली बरीच मॉड्यूल एकमेकांच्या टेस्ट-जारवर (टेस्टच्या कोडच्या जार फायलींवर) अवलंबून आहेत. त्या जार तयार झाल्या नाहीत की भलत्याच ठिकाणी ‘डिपेंडन्सी सापडली नाही’ अशी चूक दिसते आणि माणूस इंटरनेटला दोष देत बसतो.

पुढे रोज सगळं बिल्ड करू नका. ‘पीएल’ पर्यायात आपलं मॉड्यूल द्या आणि सोबत ‘एएम’ जोडा, म्हणजे ते ज्यांच्यावर उभं आहे ती मॉड्यूलही बांधली जातात. ‘एएम’ विसरलात तर मेव्हन आधीची जुनी जार उचलतो. मग शेजारच्या मॉड्यूलमधला तुमचा बदल चालतच नाही आणि कारण सापडता सापडत नाही.

काय कुठे आहे

‘प्रोटोकॉल्स’मध्ये वायरवरची बोली: आदेश वाचणं, उत्तर देणं. ‘मेलबॉक्स’मध्ये फोल्डर आणि पत्रं साठवणं, मेमरीपासून कॅसँड्रापर्यंत वेगवेगळ्या साठ्यांसह. ‘मेलेट’ म्हणजे आलेल्या पत्रावर काम करणारे छोटे तुकडे. ‘सर्व्हर’मध्ये या सगळ्याची जोडणी, आणि त्यातल्या ‘अ‍ॅप्स’मध्ये चालवता येणारे तयार सर्व्हर. जेमॅपच्या आरएफसी ८६२१ या प्रमाण दस्तऐवजाची अंमलबजावणी स्कालात आहे, हे आधीच माहीत असलेलं बरं. एखादी गोष्ट अशीच का केली असा प्रश्न पडला की ‘एसआरसी’खालच्या ‘एडीआर’ फोल्डरमधल्या क्रमांकवार निर्णयनोंदी वाचा.

सर्व्हर चालवा आणि हाताने पत्र टाका

सुरुवातीला मेमरी-अ‍ॅपच घ्या, बाहेरचा डेटाबेस लागत नाही. लिनक्सवर १०२४ च्या खालचे पोर्ट साध्या युजरला मिळत नाहीत, म्हणून डॉकरमधून चालवून २५ ला १०२५ आणि ९९३ ला १९९३ असे पोर्ट जोडा. वेब-अ‍ॅडमिनचा (सर्व्हर सांभाळायच्या एचटीटीपी दाराचा) पोर्ट ८०००, तोही जोडा. हे सगळे पोर्ट फक्त स्वतःच्या मशीनपुरते, म्हणजे लोकलहोस्टलाच बांधा. प्रयोगाचा मेल सर्व्हर इंटरनेटवर उघडा ठेवायचा नसतो.

वेब-अ‍ॅडमिनला ‘पुट’ विनंती पाठवून आधी ‘डोमेन्स’खाली डोमेन तयार करा, मग ‘युजर्स’खाली पूर्ण मेल पत्ता देऊन युजर. पासवर्ड जेसनमध्ये जातो आणि काम झालं की उत्तर २०४ येतं. क्रम उलटा केलात तर डोमेनच नाही म्हणून युजर नाकारला जातो. मेमरी-अ‍ॅप बंद केलं की डोमेन, युजर, पत्रं सगळं पुसलं जातं, तेव्हा या दोन विनंत्या एका छोट्या स्क्रिप्टमध्ये ठेवा.

आता नेटकॅटने १०२५ ला जोडा. ओळीच्या शेवटी सीआर आणि एलएफ ही ओळ संपल्याची दोन्ही अदृश्य चिन्हं जायला हवीत. लिनक्सवरच्या ओपनबीएसडी नेटकॅटमध्ये त्यासाठी कॅपिटल ‘सी’चा पर्याय आहे. ‘एलो’, ‘मेल फ्रॉम’, ‘आरसीपीटी टू’ यांना २५०, ‘डेटा’ला ३५४, मग पत्राचा मजकूर, शेवटी एकटा टिंब असलेली ओळ आणि पुन्हा २५०. ही पाच-सहा उत्तरं डोळ्यांखालून गेली की एसएमटीपीचा आरएफसी ५३२१ वाचणं पुष्कळ सोपं जातं.

टीएलएसवर, म्हणजे कूटबद्ध जोडणीवर, हेच करायला ओपन-एसएसएलचं ‘एस-क्लायंट’ वापराल, तेव्हा ‘क्वाएट’ पर्याय नक्की द्या. एरवी ओळीच्या सुरुवातीचं कॅपिटल ‘आर’ हा त्या साधनाचा स्वतःचा आदेश असतो. तुम्ही ‘आरसीपीटी’ टाइप करता आणि ते टीएलएसची बोलणी नव्याने सुरू करू पाहतं. ओळ सर्व्हरपर्यंत पोचतच नाही आणि दोष मात्र जेम्सच्या माथी जातो.

देवनागरीने परीक्षा घ्या

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. काना, वेलांटी, हलन्त हीसुद्धा स्वतंत्र चिन्हंच. मेलचे प्रोटोकॉल मोजतात ते बाइट, आणि इंग्रजी मजकुरावर लिहिलेल्या टेस्टमध्ये अक्षर आणि बाइट यांतला फरक दिसूच शकत नाही. म्हणून मराठी मजकूर कामाचा.

आयमॅपमध्ये विषयात ‘पावती’ शोधायचं आहे. शोधाच्या आदेशात कॅरसेट यूटीएफ-८ सांगायचा आणि महिरपी कंसात शब्दाची लांबी द्यायची. डोळ्याला तीन अक्षरं दिसतात, चिन्हं पाच आहेत, बरोबर आकडा १५. सर्व्हरने अधिकचं चिन्ह दाखवलं की शब्द पाठवायचा. ५ लिहिलंत तर पाच बाइट शब्द म्हणून घेतले जातात, उरलेले दहा आदेशाचाच पुढचा भाग ठरतात आणि उत्तर येतं ‘बॅड’. आकडा फार मोठा दिलात तर सर्व्हर उरलेल्या बाइटची वाट पाहत गप्प बसतो, आणि तो अडकला आहे असं वाटतं.

विषयाच्या ओळीत आणखी मजा आहे. आरएफसी २०४७ प्रमाणे विषयातला बिगर-इंग्रजी मजकूर ‘एन्कोडेड शब्द’ नावाच्या तुकड्यांत साध्या अक्षरांनी बांधला जातो आणि अशा एका शब्दाची लांबी जास्तीत जास्त ७५ वर्णांची. यूटीएफ-८ आणि बेस-६४ धरून सुरुवातीचे १० आणि शेवटचे २ वर्ण गेले, उरले ६३. बेस-६४ चारच्या गटांत चालतं, म्हणून ६०. त्यात मावतात ४५ बाइट, म्हणजे देवनागरीची फक्त १५ चिन्हं. ‘ज्ञानेश्वरी पारायण’ हा विषय ५२ बाइटचा, तेव्हा तो दोन तुकड्यांत जाणारच. बरोबर ४५ बाइटवर कापला तर ‘पारायण’मधल्या दुसऱ्या कान्याचे दोन बाइट इकडे आणि एक तिकडे पडतो, आणि नियम सांगतो की प्रत्येक तुकड्यात पूर्ण चिन्हंच हवीत. वाचताना शेजारच्या दोन तुकड्यांमधली मोकळी जागा गाळायची असते, हेही तपासा.

शेवटची परीक्षा ‘ऱ’ची. ‘सातऱ्याची’ या शब्दात तो ०९३१ हा एकच कोड असू शकतो किंवा साधा ‘र’ आणि पुढे नुक्ता असे दोन कोड. पडद्यावर फरक नाही, युनिकोडच्या लेखी दोन्ही समान, बाइट मात्र ३ आणि ६. एका रूपात पाठवलेलं पत्र दुसऱ्या रूपात शोधून सापडतं का? हा प्रश्न मेमरी-अ‍ॅपवर एकदा आणि ओपनसर्च वापरणाऱ्या डिस्ट्रिब्युटेड-अ‍ॅपवर एकदा विचारा. उत्तरं वेगळी आली तर तिकीट (दोषाची नोंद) उघडण्याजोगी गोष्ट हाती आहे.

टेस्ट लिहिणं

आयमॅपसाठी ‘एमपीटी’ नावाचं मॉड्यूल आहे. त्यातली स्क्रिप्ट म्हणजे संवादच: ‘सी’ने सुरू होणारी ओळ क्लायंटची, ‘एस’ने सुरू होणारी सर्व्हरची. सर्व्हरची ओळ रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणून वाचली जाते, त्यामुळे तारांकन, कंस यांच्याआधी बॅकस्लॅश हवा. नव्या माणसाची स्क्रिप्ट बहुधा इथेच अडते.

साठवणुकीच्या टेस्ट अनेकदा ‘कॉन्ट्रॅक्ट’ इंटरफेसमध्ये असतात आणि प्रत्येक साठा तो इंटरफेस लागू करतो. तिथे घातलेली एक टेस्ट सगळ्या साठ्यांवर चालते, म्हणून ती घालण्याआधी डॉकर चालू आहे ना ते बघा. मेलेटसाठी ‘फेक-मेल’ आणि ‘फेक-मेलेट-कॉन्फिग’ तयार आहेत, त्यांना सर्व्हर उठवावा लागत नाही.

तिकीट आणि पुल रिक्वेस्ट

अपाचीच्या जिरावर (तिकिटं ठेवायच्या प्रणालीवर) खातं आपलं आपण उघडता येत नाही, मागावं लागतं आणि प्रकल्पाचे लोक ते मंजूर करतात. म्हणून अर्ज पहिल्याच दिवशी टाका. कमिटच्या संदेशाची सुरुवात ‘जेम्स’ आणि तिकिटाच्या क्रमांकाने होते. प्रत्येक नव्या फायलीच्या माथ्यावर अपाची परवान्याचा मजकूर हवा. नसला की परवाने तपासणारा रॅट बिल्ड पाडतो. इम्पोर्टचा क्रम चुकला की कोडची शैली तपासणारा चेकस्टाइल पाडतो. हे दोन्ही आपल्या मशीनवर पाहूनच पुश करा, सीआयवर (पुश झाल्यावर आपोआप चालणाऱ्या तपासणीत) पूर्ण बिल्डला फार वेळ लागतो. सीआयमध्ये तुमच्या बदलाशी संबंध नसलेली टेस्ट पडली तर ती आधीपासूनच अस्थिर आहे का ते शोधा आणि तसं पुल रिक्वेस्टवर (बदल सामावून घ्या या विनंतीवर) लिहा.

कोडला हात लावलात तर समीक्षेत बहुधा हे ऐकाल: नल परत करू नका, ऑप्शनल द्या, रिअ‍ॅक्टरच्या (न थांबता काम चालवणाऱ्या लायब्ररीच्या) साखळीत मध्येच ‘ब्लॉक’ करू नका, कारण त्याने इतरांच्या विनंत्यांचा थ्रेड अडकतो, एका कमिटमध्ये एकच बदल ठेवा. मोकळ्या मनाने घ्या, समीक्षक वेळ काढून शिकवत असतात.

चाचणी करताना सुरक्षेचा दोष सापडला तर जिरावर किंवा पुल रिक्वेस्टमध्ये लिहू नका, अपाचीच्या सुरक्षा पथकाला खाजगीत कळवा. २०२३ च्या डिसेंबरात जाहीर झालेलं ‘एसएमटीपी स्मगलिंग’ हे ओळीच्या शेवटाचंच प्रकरण होतं: सीआरशिवाय आलेल्या एलएफलाही काही सर्व्हर ओळीचा शेवट मानत आणि एका पत्राच्या पोटात दुसरं पत्र घुसवता येई. जेम्सलाही त्यासाठी दुरुस्तीच्या आवृत्त्या काढाव्या लागल्या. दुरुस्ती बाहेर पडेपर्यंत अशी टेस्ट आपल्या मशीनवरच ठेवा, गिटहबवरच्या आपल्या फोर्कमध्येही (रेपोच्या आपल्या प्रतीतही) पुश करू नका. तो फोर्क सगळ्यांना दिसतो.