थायरॉइडचं रक्त द्यायला जाताना

थायरॉइडची गोळी चालू असेल तर आदल्या रात्रीच ती बाटली उशाजवळून उचला आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसोबत पिशवीत टाका. नाहीतर सवयीने हात आधी तिच्याकडेच जाणार. गोळी घेतल्यावर काही तास रक्तातलं टी४, म्हणजे थायरॉइडचं संप्रेरक, वाढलेलं असतं. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारं मेंदूतल्या ग्रंथीचं संप्रेरक, तेवढ्यात हलत नाही, पण चिठ्ठीवर फ्री टी४ही (रक्तातलं मोकळं टी४) असेल तर तो आकडा फसवा येतो. म्हणून आधी रक्त, मग गोळी, आणि चहा त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर ती चार तासांनी.

केसांसाठी काही घेताय का, हे मात्र दोन-तीन दिवस आधीच बघायला हवं. थायरॉइड बिघडला की केस गळतात, केस गळले की मैत्रीण बायोटिन (एक ब जीवनसत्त्व) सुचवते, आणि तेच बायोटिन थायरॉइडच्या तपासणीत खोडा घालतं! बऱ्याच लॅबच्या चाचण्यांमध्ये बायोटिनच वापरलेलं असतं. रक्तात ते जास्त असेल तर टीएसएच खोटंच कमी आणि टी४ खोटंच जास्त दिसू शकतं. म्हणजे थायरॉइड मंद असलेल्या बाईचा रिपोर्ट तो जोरात चालल्यासारखा येणार. ‘केस, त्वचा, नखं’ असं लिहिलेली कुठलीही गोळी किंवा गमी किमान दोन दिवस आधी बंद ठेवा. डॉक्टरांनीच मोठा डोस दिला असेल तर त्यांना विचारून. स्टेरॉइड, लिथियम, अमिओडॅरोन चालू असेल तर तेही सांगा.

उपाशीपोटी जायचं का? नुसत्या थायरॉइडसाठी सहसा गरज नसते. पण त्याच सुईत साखर आणि कोलेस्टेरॉलही उरकायचं असतं, तेव्हा लॅबला फोन करून विचारा. पाणी प्या. वेळ मात्र दर खेपेला तीच ठेवा. टीएसएच पहाटे जास्त असतं, दुपारी उतरतं. एकदा घरी सकाळी सातला आणि पुढच्या वेळी अंधेरीच्या ऑफिसजवळ लंचमध्ये रक्त दिलंत तर दोन आकड्यांची तुलना कशी करणार? लॅबही शक्यतो तीच.

डोस बदलला असेल तर सहा ते आठ आठवडे जाऊ द्या, त्याआधी टीएसएच स्थिरावत नाही. पावसाळ्यात डेंग्यू-मलेरियाने आडवे झाला असाल तर बरे होईपर्यंत थांबायचं का, ते विचारा. गरोदर असाल तर थांबू नका, आणि लॅबला तसं सांगा. तेव्हाची नॉर्मलची पट्टी वेगळी असते.

मुंबईत केईएम, सायन किंवा नायर या पालिकेच्या हॉस्पिटलांत जाणार असाल तर केसपेपर, जुने रिपोर्ट आणि बिस्किटाचा पुडा घ्या. घरी माणूस बोलावला असेल तर वॉचमनला सांगून ठेवा आणि नळीवरचं नाव-वय स्वतः वाचा. एकाच बिल्डिंगमध्ये दोन सावंतकाकू सहज निघतात.