स्टीलची पट्टी घेताय? आधी उलटी करून बघा

प्लास्टिकची आणि लाकडी पट्टी आखायला ठीक, कापायला नको. कटरचं पातं कडेत शिरतं. ॲल्युमिनियम हलकं खरं, पण मऊ. कडेला एकदा टवका गेला की पेन्सिल दर वेळी तिथेच अडखळते. म्हणजे स्टेनलेस स्टील. हे सगळ्यांना ठाऊक असतं.

आता पट्टी उलटी करा. पाठीला कॉर्क किंवा रबर आहे का? घेताना बघायचं राहून जातं ते नेमकं हेच. नुसतं स्टील कागदावर घसरतं. मधोमध कितीही दाबा, कटरचा रेटा बसला की एक टोक फिरतं, रेघ तिरकी जाते आणि पातं बोटाकडे वळतं. आकडे ठळक आहेत, चकाकी छान आहे, असू दे. पाठ बघा.

कॉर्क कडेपासून थोडा आत संपलेला हवा. त्यामुळे कड कागदापासून जराशी उचललेली राहते आणि पेनाची शाई खाली ओढली जाऊन फरफटत नाही. कापताना मात्र पातं सरळ उभं धरा; आत कललं तर कडेखाली घुसतं. पाठ कोरी असलेली पट्टी गळ्यात पडलीच असेल तर मागे मास्किंग टेपच्या दोन पट्ट्या लावा, कडेपासून ३-४ मिलिमीटर आत. सँडपेपर लावू नका, कागदावर चरे उठतात.

जाडी निदान १ मिलिमीटर. अर्ध्या मिलिमीटरची लवचिक पट्टी मोजायला चांगली, पण तिच्यावर पातं सहज चढतं आणि पुढे बोटंच असतात. मधे बोटांसाठी खोलगट खाच आणि कडेला उभी भिंत असलेली सेफ्टी पट्टी मिळाली तर तीच घ्या. तिचीही पाठ बघा!

सरळपणा दुकानातच तपासा. दोन ठिपके जोडून रेघ मारा, पट्टी पालथी करून त्याच ठिपक्यांतून, त्याच कडेने पुन्हा मारा. मधे फट दिसली तर पट्टी वाकडी, आणि फट दिसते त्याच्या निम्मी चूक. कडेवरून कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकले तर कंगोरा राहिलाय. आकडे छापलेले नकोत, कोरलेले हवेत.

लांबी: ए४ ची लांब बाजू २९.७ सेंटिमीटर, म्हणजे ३० ची पट्टी जेमतेम पुरते आणि टोकाशी पातं निसटतं. ४५ ची घ्या.

बाकी नेहमीचंच. खाली कटिंग मॅट, पात्याचं टोक नवं, एका जोरकस ओढीऐवजी तीन-चार हलक्या. पट्टी हव्या असलेल्या भागावर, पातं टाकाऊ भागाच्या बाजूने. अंगठा कडेबाहेर नको. कॉर्क टोकाशी सुटलाय का, हे दर वेळी कापण्याआधी पाहायचं. सुटला असेल तर आधी चिकटवा, मग कापा.