शिवणकामाचे नियोजन फोनवर

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, म्हणून घरच्या शिवणाची मुदत त्या सणापासून मागे मोजावी आणि फोनमधील डिजिटल प्लॅनरमध्ये प्रत्येक कपड्यासाठी स्वतंत्र पान उघडावे. त्यावर कापडाचा फोटो, पन्हा (कापडाची रुंदी), मीटर, अस्तर आणि मापे तारखेसह नोंदवावीत. वाढत्या मुलीच्या परकर-पोलक्याला मी गेल्या वर्षीचीच मापे वापरली, ती चूक फार महागात पडली. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, त्यामुळे भिजवणे, वाळवणे आणि इस्त्री ही कामे कापण्याच्या आधीच्या दिवसांवर टाकून त्यांना गजर लावावा. जळगावच्या फुले मार्केटमध्ये दोरा घेताना मात्र फोटोवर विसंबू नये, कापडाची चिंधीच सोबत न्यावी, कारण पडद्यावर रंग बदलून दिसतो. हूक, काज-बटण आणि हातशिलाईसाठी वेगळी संध्याकाळ राखावी.