बोर्ड बदलण्याआधी विंडोजचं लायसन्स सांभाळा

मृग लागला की विदर्भात विजा आणि व्होल्टेजच्या चढउतारांत कॉम्प्युटरचे मदरबोर्ड, म्हणजे आतले मुख्य सर्किट बोर्ड, उडायला लागतात. तालुक्याला नेऊन दुसरा बोर्ड बसवून आणला की मशीन सुरू होतं, पण स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ उमटतं. हे टाळायची बरीचशी कामं जुना बोर्ड जिवंत असतानाच करायची असतात.

विंडोज १० पासून मशीनच्या भागांवरून एक ओळख तयार होते आणि ती मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदली जाते. तेच डिजिटल लायसन्स. या ओळखीत सगळ्यात जास्त किंमत मदरबोर्डाला आहे. रॅम ४ जीबीची ८ केली, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) बदलला, ग्राफिक्स कार्ड लावलं, तर सहसा काहीच होत नाही. हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकली तरी घाबरू नका. डिस्क क्लोन केली, म्हणजे तिची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर उतरवली, तर सगळं जसंच्या तसं चालतं. विंडोज नव्याने टाकत असाल तर प्रॉडक्ट की (लायसन्सचा अक्षरी क्रमांक) विचारल्यावर ‘आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की’ निवडा. नेट जोडलं की ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं. अट एवढीच की विंडोजचं एडिशन (होम किंवा प्रो) पहिलंच हवं. होमच्या मशीनवर प्रो टाकलं की लायसन्स जुळत नाही. दुकानात सवयीने प्रोच टाकून देतात, म्हणून मशीन देतानाच एडिशन कागदावर लिहून द्या.

आता तुमचं लायसन्स कुठल्या जातीचं आहे ते बघा. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. चौकटीत इंग्रजी अक्षरांत एसएलएमजीआर, मग एक स्पेस, मग तिरकी रेघ (/) आणि तिला लागूनच डीएलआय, म्हणजे slmgr /dli असं टाइप करून एंटर मारा. थोड्या वेळात एक खिडकी उघडते. तिच्यातली ‘डिस्क्रिप्शन’ची ओळ वाचा.

तिथे ‘ओईएम’ असेल तर लायसन्स मशीनसोबत आलेलं आहे आणि ते त्याच बोर्डाला बांधलेलं आहे. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ नंतर, अशा मशीनची की बोर्डावरच्या बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) चिपमध्येच असते; बोर्ड गेला की तीही गेली. वॉरंटीत कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने त्याच मॉडेलचा बोर्ड बदलून दिला तर लायसन्स चालू राहतं. बाहेरून दुसऱ्याच मॉडेलचा बोर्ड टाकला तर नवं लायसन्स घ्यावं लागेल असंच धरून चला.

‘रिटेल’ असेल तर ते दुसऱ्या बोर्डावर नेता येतं. त्याच खिडकीत कीची शेवटची पाच अक्षरं दिसतात. ती ३व्ही६६टी किंवा ८एचव्हीएक्स७ असतील तर ती तुमची खरी की नाही. पहिलं प्रोचं, दुसरं होमचं. डिजिटल लायसन्सवाल्या मशीनांवर सरसकट हीच असतात, त्यामुळे ती जपून उपयोग नाही. तिथे लायसन्सला मायक्रोसॉफ्ट अकाउंट जोडणं हाच मार्ग, तो पुढे सांगितला आहे. वेगळी अक्षरं असतील तर २५ अक्षरांची पूर्ण की बिलावर, डब्यावर किंवा ईमेलमध्ये शोधून ठेवा.

‘व्हॉल्यूम केएमएसक्लायंट’ दिसलं तर सावध व्हा. हे लायसन्स मोठ्या कार्यालयांसाठी असतं आणि १८० दिवसांच्या आत संस्थेच्या सर्व्हरकडून नूतनीकरण मागतं. नागपूरहून आणलेल्या सेकंडहँड मशीनवर हे असेल तर तुमच्या हातात लायसन्सच नाही, मग बोर्ड बदला की नका बदलू.

अकाउंट जोडायला विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, ॲक्टिव्हेशन असं जा. विंडोज १० मध्ये ॲक्टिव्हेशन ‘अपडेट अँड सिक्युरिटी’त आहे. ॲडमिनच्या लॉगिनवरून मायक्रोसॉफ्ट अकाउंट जोडा. ‘डिजिटल लायसन्स लिंक्ड टू युवर मायक्रोसॉफ्ट अकाउंट’ असं दिसलं की काम झालं. अकाउंट मात्र तुमच्या मालकीचं हवं. दुकानातल्या पोराने वेळ वाचवायला स्वतःचा ईमेल टाकला असेल, तर लायसन्स त्याच्या नावावर जोडलं जातं. शाळेत शिक्षकांची बदली होते. तिथे शाळेचा वेगळा ईमेल काढा.

नवा बोर्ड बसल्यावर आधी तारीख बघा. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल (घड्याळ चालू ठेवणारा गोल सेल) संपलेला असला की घड्याळ मागे जातं, सुरक्षित वेबसाइट उघडत नाहीत आणि ॲक्टिव्हेशनही अडतं. मग मोबाइलच्या हॉटस्पॉटवर नेट घेऊन ॲक्टिव्हेशनच्या पानावर ‘ट्रबलशूट’ दाबा. पुढे ‘आय चेंज्ड हार्डवेअर ऑन धिस डिव्हाइस रिसेंटली’ निवडून त्याच अकाउंटने लॉगिन करा. यादीत जुन्या मशीनचं नाव दिसेल. ते निवडून ‘धिस इज द डिव्हाइस आय अॅम यूझिंग राइट नाऊ’वर टिक करा आणि ॲक्टिव्हेट दाबा. यादीत सगळी मशीनं ‘डेस्कटॉप’ आणि पुढे अगम्य अक्षरं अशी असतात, म्हणून आधीच ‘सेतू-१’सारखं नाव देऊन ठेवलेलं बरं.

०एक्ससी००४एफ२११ हा कोड आला तर हार्डवेअर बदलल्याचं विंडोज सांगतंय. वरचीच पद्धत लावा. ०एक्ससी००४सी००८ म्हणजे ती की आधीच दुसऱ्या मशीनवर वापरात आहे. पुन्हा ॲक्टिव्हेट करायलाही मर्यादा असते; ती संपली की ट्रबलशूटर नकार देतो. विंडोज ७ किंवा ८ ची जुनी की टाकून बघण्यातही अर्थ उरलेला नाही, तो रस्ता सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाला.

लॅपटॉपवाल्यांनी एक गोष्ट यापेक्षाही आधी करावी. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर डिस्क बिटलॉकरने (विंडोजमधल्या डिस्कला कुलूप लावणाऱ्या सोयीने) कुलूपबंद असते. बोर्ड बदलला की चालू होतानाच ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर डिस्कवरचा डेटा उघडत नाही. लायसन्स पैसे देऊन परत घेता येतं, डेटा नाही. ही रिकव्हरी की बहुधा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. ती कागदावर उतरवून कपाटात ठेवा.

ॲक्टिव्हेट झालं नाही म्हणून फाइली जात नाहीत. प्रिंटर आणि अंगठ्याचं मशीन चालतंच, वॉलपेपर आणि रंग बदलायची सोय तेवढी बंद होते. त्यामुळे घाईत कुणाला ‘ॲक्टिव्हेटर’, म्हणजे लायसन्सशिवाय विंडोज ॲक्टिव्हेट करणारा चोरटा प्रोग्रॅम, चालवू देऊ नका. तो चालवायला बहुधा अँटिव्हायरस बंद करायला लावतात, आणि त्याच मशीनवर गावाचे आधार, सातबारा आणि बँक पासबुक स्कॅन करून ठेवलेले असतात.