कल्चर-सेन्सिटिव्हिटी: झोन मोजण्याआधीच चूक होऊन गेलेली असते

२०१९ या एका वर्षात प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे जगभरात १२.७ लाख माणसं थेट दगावली, असा अंदाज आहे. समोरच्या रुग्णाला कोणतं औषध लागू पडेल, हे कल्चर-सेन्सिटिव्हिटी चाचणीत ठरतं ते बऱ्याचदा अगारवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीसारख्या माध्यमावर, ठेवलेल्या ६ मिमीच्या औषध भिजवलेल्या कागदी चकतीवरून. चकतीभोवती जिवाणू न वाढलेलं जे वर्तुळ दिसतं, तो झोन. बाउअर, कर्बी, शेरिस आणि टर्क यांनी ही पद्धत १९६६ मध्ये मांडली. ती स्वस्त आहे, सोपी दिसते, आणि म्हणूनच तिच्यात हयगय होते. झोन दोन मिलिमीटरने इकडेतिकडे झाला तरी रिपोर्टवरचं अक्षर (‘एस’ म्हणजे संवेदनशील, ‘आर’ म्हणजे प्रतिरोधी) बदलू शकतं.

प्लेट. म्युलर-हिंटन अगार (या चाचणीचं ठरलेलं माध्यम) ४ मिमी जाडीचा हवा. ९० मिमीच्या प्लेटला साधारण २५ मिली लागतात. सपाट टेबलावर ओता. एका बाजूला कललेली प्लेट एकाच चकतीभोवती लंबगोल झोन देते. थर पातळ झाला तर औषध खाली जायला जागा नसते, ते आडवं पसरतं आणि झोन फुगतो, म्हणजे प्रतिरोधी जिवाणू संवेदनशील दिसू लागतो. जाड थरात याच्या उलट. पीएच ७.२ ते ७.४ ठेवा. तो उतरला की जेंटामायसिन, एरिथ्रोमायसिन यांचे झोन आकसतात आणि टेट्रासायक्लिनचे वाढतात. नेहमीच्या जिवाणूंच्या प्लेट कार्बन डायऑक्साइडच्या इनक्युबेटरमध्ये ठेवायच्या नाहीत, त्याचं कारण हेच: तो वायू अगारचा पीएच खाली ओढतो.

इनॉक्युलम, म्हणजे प्लेटवर पसरायचं जिवाणूंचं द्रावण. सर्वाधिक घोळ इथेच होतो. ताज्या, रात्रभर वाढलेल्या आणि निवडक नसलेल्या (ठरावीक जिवाणूंनाच वाढू न देणाऱ्या) माध्यमावरच्या एकसारख्या दिसणाऱ्या ३ ते ५ वसाहती उचला आणि सलाइनमध्ये मिसळा. गढूळपणा ०.५ मॅकफारलंडइतका (मॅकफारलंड हे गढूळपणाचं माप) हवा, म्हणजे दर मिलीला साधारण १० ते २० कोटी जिवाणू. तुलनेसाठीची प्रमाण नळी प्रयोगशाळेतच करायची तर १.१७५ टक्के बेरियम क्लोराइडचं ०.०५ मिली द्रावण १ टक्का सल्फ्युरिक आम्लाच्या ९.९५ मिलीमध्ये घाला. ६२५ नॅनोमीटरला तिचं शोषण ०.०८ ते ०.१३ यायला हवं. नळी घट्ट बंद करून अंधारात ठेवा आणि वापरण्याआधी दर वेळी व्हॉर्टेक्सवर ढवळा. ढवळूनही गुठळ्या राहिल्या तर ती टाकून द्या. तुलना काळ्या रेघा असलेल्या पांढऱ्या कार्डासमोर करा. नुसत्या नजरेच्या अंदाजावर सोडू नका. द्रावण दाट झालं की झोन लहान, विरळ झालं की मोठा.

द्रावण १५ मिनिटांच्या आत वापरा. स्वॅब बुडवा, नळीच्या आतल्या भिंतीवर दाबून फिरवा आणि जादा पाणी काढा. मग पूर्ण प्लेटवर तीनदा ओढा, दर वेळी प्लेट ६० अंशांनी वळवून, आणि शेवटी कडेने एक फेरी.

चकत्या. डबी फ्रिजमधून काढल्या काढल्या उघडू नका. ती आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर चकत्यांवर दव धरतं आणि ओलाव्याने बीटा-लॅक्टम औषधं (पेनिसिलिनच्या गटातली) लवकर निकामी होतात. चकत्यांच्या केंद्रांमध्ये किमान २४ मिमी अंतर ठेवा. एकदा टेकवलेली चकती सरकवायची नाही, औषध तत्क्षणी झिरपायला लागतं. स्वॅब फिरवल्यापासून १५ मिनिटांत चकत्या, चकत्यांपासून १५ मिनिटांत इनक्युबेटर. चकत्या लावायला उशीर झाला तर जिवाणू आधीच वाढायला लागतात आणि झोन लहान येतो. चकत्या लावून प्लेट टेबलावर राहिली तर औषध पुढे निघून जातं आणि झोन मोठा येतो. तापमान ३५ अंश सेल्सिअस, प्लेट उलटी, १६ ते १८ तास. थप्पी उंच रचली की मधल्या प्लेट उशिरा तापतात.

वाचन. आधी वाढीचा थर पाहा. सलग, एकसारखा थर हवा. सुट्या वसाहती दिसल्या तर इनॉक्युलम विरळ होता, ती प्लेट मोजू नका. काळ्या पृष्ठभागावर, परावर्तित प्रकाशात, प्लेटच्या मागून मोजा. प्रोटियसची पुढे सरकलेली पातळ साय धरायची नाही. झोनच्या आत मात्र ठळक सुट्या वसाहती दिसल्या तर त्यांकडे दुर्लक्ष करू नका: नमुना शुद्ध करून चाचणी पुन्हा लावा, आणि पुन्हा त्याच आल्या तर त्या प्रतिरोधी आहेत असंच धरा.

काही गोष्टी मोजपट्टी सांगत नाही, डोळ्यांनी पाहाव्या लागतात. स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या पेनिसिलिन झोनची कडा ब्लेडने कापल्यासारखी तीक्ष्ण असेल तर तो पेनिसिलिनेझ, म्हणजे पेनिसिलिन तोडणारं विकर, बनवतो, झोन कितीही मोठा असो. कडा हळूहळू विरत गेली असेल तर बहुधा बनवत नाही. एरिथ्रोमायसिनची चकती क्लिंडामायसिनच्या शेजारी १५ ते २६ मिमीवर ठेवा. क्लिंडामायसिनचा झोन त्या बाजूने चपटा होऊन इंग्रजी डी अक्षरासारखा दिसला तर प्रतिरोध सुप्त आहे, म्हणजे एरिथ्रोमायसिनमुळे जागा होतो, आणि क्लिंडामायसिन संवेदनशील म्हणून कळवणं घातक ठरतं.

दोन औषधांची चाचणी चकतीवर करूच नका. कोलिस्टिनचा रेणू मोठा, तो अगारमधून नीट सरकत नाही. त्याला ब्रॉथ मायक्रोडायल्युशन लागतं, म्हणजे द्रव माध्यमात औषध टप्प्याटप्प्याने विरळ करून केलेली चाचणी. स्टॅफिलोकॉकससाठी व्हँकोमायसिनचंही तसंच, तिथे चकती प्रतिरोध ओळखू शकत नाही.

नियंत्रण. ई. कोलाय एटीसीसी २५९२२ (ज्याचे झोन आधीच माहीत आहेत असा प्रमाण जिवाणू) रुग्णाच्या नमुन्याबरोबर लावा. अँपिसिलिन १० मायक्रोग्रॅमला १५ ते २२ मिमी, जेंटामायसिन १० मायक्रोग्रॅमला १९ ते २६ मिमी यायला हवेत. आकडा बाहेर गेला तर रुग्णाचा रिपोर्ट थांबवा आणि कारण शोधा. फक्त अँपिसिलिन घसरलं असेल तर चकतीवर संशय घ्या, जेंटामायसिन घसरलं तर पीएच तपासा, सगळेच झोन एका दिशेला सरकले असतील तर इनॉक्युलम किंवा थराची जाडी.

ब्रेकपॉइंट, म्हणजे किती मिमीच्या झोनला कोणतं अक्षर द्यायचं ती सीमा, एकाच तक्त्यातून, चालू आवृत्तीतूनच घ्या. सीएलएसआय (अमेरिकी) आणि युकास्ट (युरोपीय) या संस्थांच्या तक्त्यांची सरमिसळ करू नका. युकास्टच्या तक्त्यात आय या अक्षराचा अर्थ २०१९ पासून ‘वाढीव मात्रेत संवेदनशील’ असा आहे, ‘मधला’ असा नाही. हे डॉक्टरांना कळवलं नाही तर उपयोगी औषध विनाकारण बाजूला पडतं आणि त्याहून तगडं, राखून ठेवायचं औषध वापरलं जातं.

रक्ताच्या संसर्गात एक दिवस थांबणं महाग पडतं. त्यासाठी युकास्टने जलद पद्धत बसवली आहे: पॉझिटिव्ह आलेल्या रक्ताच्या बाटलीतले १२५ मायक्रोलिटर, विरळ न करता, थेट प्लेटवर पसरायचे आणि ४, ६ व ८ तासांनी वाचायचं. तिचे ब्रेकपॉइंट वेगळे असतात, प्रत्येक जिवाणूला आणि प्रत्येक तासाला निराळे, म्हणून जिवाणूची ओळख पटल्याशिवाय ‘एस’ किंवा ‘आर’ लिहिता येत नाही. झोनची कडा अजून धूसर असेल तर आकडा लिहू नका. प्लेट दहा मिनिटांच्या आत परत इनक्युबेटरमध्ये ठेवा आणि पुढच्या वेळेला वाचा.