ड्रीमलँडची तिसरी घंटा : 1911 च्या हंगामाआधीची यादी

बॅकस्टेजला पंधरा-वीस वर्षं काढली की माणसाला एक खोड लागते. लग्न असो, जत्रा असो की गणपतीचा मांडव, समोरचा थाट बघायचा सोडून आपण मनात यादी करायला लागतो: वायर कुणी ओढली, पाणी कुठून आणलं, सुट्टे पैसे कुणाकडे आहेत. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरच्या ड्रीमलँड या करमणुकीच्या उद्यानाबद्दल वाचताना माझं तेच झालं. समजा 1911 चा वसंत आहे आणि सॅम्युअल गम्पर्ट्झ या व्यवस्थापकाच्या हाताखाली तुम्ही कामाला लागला आहात. मेअखेरीला उद्यान उघडायचं आहे. मग ही यादी खिशात ठेवा.

आधी कॅलेंडर काढा. कोनी आयलंडचा हंगाम म्हणजे मेअखेरच्या डेकोरेशन डेपासून (युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणाची अमेरिकी सुट्टी) सप्टेंबरपर्यंत, जेमतेम तीन-साडेतीन महिने. वर्षभराचा पगार, व्याज, रंग, जनावरांचा चारा, सगळं तेवढ्यात वसूल व्हायला हवं. आकाशाकडे बघायला विसरू नका. कॅप्टन पॉल बॉयटन यांनी 1895 मध्ये इथे सी लायन पार्क काढलं होतं. कुंपण घालून दारावर तिकीट लावायची कल्पना त्यांचीच. पण 1902 च्या उन्हाळ्यात पाऊस असा बसला की त्यांनी हात टेकले आणि जागा थॉम्प्सन-डंडी जोडीला दिली. त्या जोडीने तिथे 16 मे 1903 ला लूना पार्क उघडलं आणि अडीच लाख दिवे लावले. म्हणजे तुमच्या शेजाऱ्याचा जन्मच एका पडलेल्या हंगामातून झालाय. पावसाळी दिवसांसाठी छताखालचे खेळ किती आहेत ते मोजा आणि त्यांच्या पाट्या रस्त्याच्या बाजूला लावा.

मग दिवे. सिनेटर रेनॉल्ड्स यांनी मे 1904 मध्ये ड्रीमलँड उघडलं तेच लूनाला मागे टाकायला, आणि जाहिरातीत दहा लाख दिव्यांचा आकडा टाकला. एकट्या 375 फुटी मनोऱ्यावर लाखभर. जाहिरातीतून थोडं वजा करा, तरी बल्ब तपासणारी माणसं आत्तापासून लागतील. समुद्रालगतची जागा आहे, खारी हवा सॉकेट खाते. गेल्या सप्टेंबरात पेटणारा बल्ब मेमध्ये पेटेलच असं धरून चालू नका. ओळीत एक विझलेला दिवा असला तरी तो पडलेल्या दातासारखा दिसतो. लोक उजेडातल्या नव्व्याण्णवांकडे बघत नाहीत, त्या एकाकडेच बघतात.

रंगाचं काम यंदा मोठं आहे. पहिली सात वर्षं सगळं उद्यान पांढरंशुभ्र होतं. यंदा मालकांनी क्रीम आणि भडक लाल निवडलाय. मला विचाराल तर पांढरं सोडायला नको होतं, पण रंगारी यादी करणाऱ्याचं ऐकत नसतात. रंग देताना भिंत नखाने खरवडून बघा. आत दगड नाही, वीटही नाही. लाकडी पट्ट्यांचा सांगाडा आणि वर ‘स्टाफ’चा लेप, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस आणि तागाचे धागे कालवून केलेला. लांबून संगमरवर, जवळून नेपथ्य. आमच्या नाटकातल्या वाड्यासारखंच, फक्त आमच्या वाड्यात रात्री कुणी राहत नाही. इथे जनावरं आणि बाळं रात्रीही असतात. ही ओळ यादीत अधोरेखित करा.

बाळांकडे स्वतः जा, दुसऱ्याला पाठवू नका. डॉ. मार्टिन कूनी यांचं इन्क्युबेटरचं दालन म्हणजे कोनी आयलंडवरची सगळ्यात चमत्कारिक गोष्ट आहे. दिवस पुरे होण्याआधी जन्मलेली, मुठीएवढी मुलं काचेच्या उबदार पेट्यांत ठेवलेली असतात. बऱ्याच इस्पितळांत तेव्हा अशी सोय नव्हती, म्हणून मुलं जत्रेत आली. आईबापांकडून छदाम घेत नाहीत. बघ्यांच्या तिकिटावर दाया, दूध आणि कोळसा चालतो. तिथली एक नर्स बोटातली हिऱ्याची अंगठी काढून बाळाच्या मनगटावर चढवून दाखवायची, आणि ती आरामात चढायची. हा खेळ म्हणायचा की दवाखाना, हे मला आजही ठरवता येत नाही. तुम्हीही ठरवत बसू नका. उष्णता, दूध आणि स्वच्छता तेवढी तपासा. दूध पाजणाऱ्या बायकांच्या खाण्यावर कूनींचा कडक पहारा असतो. बाहेरच्या गाड्यावर हॉट डॉग खाताना सापडली तर नोकरी गेली. त्यामुळे त्यांच्या जेवणाची वेळ आणि जागा आधीच ठरवून द्या.

जनावरांचा आखाडा जोसेफ फेरारी यांच्याकडे आहे आणि सिंहांबरोबर कॅप्टन जॅक बोनाव्हिटा. एका सिंहाने त्यांचा हात असा फाडला की पुढे तो कापावा लागला, तरी माणूस पिंजऱ्यात जातोच. त्यांना सल्ले देऊ नका. पिंजऱ्यांच्या कड्या, किल्ल्या आणि अंधारात दरवाजा कोण उघडणार, एवढंच विचारा. उत्तर लिहून घ्या.

मोठे खेळ लावताना शेजारी काय चाललंय तेही बघून या. स्टीपलचेस या शेजारच्या उद्यानाच्या मालकांनी, टिलयूंनी, तर प्रेक्षकालाच नट केलंय. लाकडी घोड्यांच्या शर्यतीतून उतरलात की बाहेर पडायची वाट एका उजेडातल्या मंचावरून जाते. खालून हवेचा झोत येतो, टोपी उडते, झगा सांभाळता सांभाळता पुरेवाट होते, विदूषक विजेची काठी टोचतो. समोर बाकांवर बसलेले हसून लोळतात, आणि ते कोण? दोन मिनिटांपूर्वी याच मंचावरून गेलेले! पगार नाही, तालीम नाही, रोज हाऊसफुल. असा रंगमंच मी दुसरा ऐकला नाही.

आपल्याकडचे खेळ मात्र खर्चिक. दारातच ‘क्रिएशन’चा देखावा आणि त्यावर पंख पसरलेली प्रचंड देवदूत बाई. उद्यान उघडलं तेव्हा ‘फायटिंग द फ्लेम्स’ने गर्दी खेचली होती. चौकात उंच इमारत पेटवायची, खिडक्यांतून माणसं जाळीत उड्या टाकणार, घोड्यांचे बंब घंटा वाजवत येणार. आगीची रंगीत तालीम दिवसातून कितीदा तरी. तीनशेच्या आसपास बुटक्या माणसांचं लिलिपुशिया हे गाव गम्पर्ट्झ यांनीच वसवलं होतं, त्यालासुद्धा स्वतःचा अग्निशमन बंब, आणि तो खोट्या वर्दीवर धावत सुटायचा. माणसं अशी मांडून ठेवायची ही रीत आज घशाखाली उतरत नाही, पण त्या काळच्या यादीत ती बल्ब आणि रंगाच्याच शेजारी होती.

गल्ल्यावर सुट्टी नाणी भरपूर ठेवा. दाराचे 10 सेंट, आतल्या प्रत्येक खेळाचे वेगळे. संडास, पिण्याचं पाणी, हरवलेल्या मुलांची जागा आणि धक्क्याला लागणाऱ्या बोटींच्या वेळा आहेतच, त्या कुणीही करेल.

आता ‘हेल गेट’. नरकाचं दार. होडी भोवऱ्यात गरगरत खाली जाते आणि पोटातल्या बोगद्यात शिरते. पाणी गळतंय म्हणून फटी गरम डांबराने बुजवायच्या आहेत, आणि काम निघालंय उद्घाटनाच्या आदल्या रात्री. माझं म्हणणं सरळ आहे: दुरुस्ती दिवसाउजेडी संपवा. रात्री करावीच लागली तर दिव्याची सोय त्या खेळाच्या दिव्यांवर ठेवू नका. वाळूच्या बादल्या हाताशी ठेवा आणि डांबराची बादली जिथे ठेवाल तिथे खडूने वर्तुळ काढा. आमच्या एका प्रयोगाला दुसरी घंटा होऊन गेल्यावर विंगेत कुणीतरी इस्त्री चालू ठेवून गेलं होतं. पडद्याची कड काळी पडली, वास आला म्हणून निभावलं. तेव्हापासून शेवटच्या तासात नवं काम काढू देत नाही, कितीही शिव्या खाव्या लागल्या तरी.

ही यादी गम्पर्ट्झ यांच्यापर्यंत पोचायला शंभरएक वर्षं उशीर झालाय. 27 मे 1911, शनिवार, मध्यरात्र उलटून तास-दीड तास झालेला. हेल गेटमधले दिवे फुटले, अंधार झाला, कुणाचा तरी पाय डांबराच्या बादलीला लागला. लाकूड, ताग, ताजा रंग आणि समुद्राचा वारा. बंब आले, पण पाण्याचा दाब पुरा पडला नाही. आग लढवून दाखवणारं ड्रीमलँड पहाटेपर्यंत राख झालं. मनोराही कोसळला. बोनाव्हिटांनी जमतील तेवढी जनावरं सोडवायची धडपड केली. ब्लॅक प्रिन्स नावाचा सिंह पेटत्या आयाळीने सर्फ अव्हेन्यूवर आला आणि समोरच्या खेळाच्या चढावर जाऊन बसला. पोलिसांनी त्याला गोळ्या घातल्या.

त्या रात्री माणूस एकही मेला नाही. बाळं पेट्यांतून काढून, गुंडाळून बाहेर आणली, सगळी वाचली. गम्पर्ट्झ यांनी लवकरच त्याच बाजूला तंबू ठोकून खेळ लावले. हंगाम नुकता सुरू झाला होता आणि सप्टेंबर लांब होता.